खाल्ल्या घरचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजणे हे मराठीत कृतघ्नपणाचे लक्षण समजले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र ते वासे मोजण्याची, त्यांची नोंद करण्याची आणि त्यांना त्यांचे वय विचारण्याची वेळ येऊन ठेपली आहे. किंबहुना ती हातची निसटू लागली आहे. शिमगा आटोपला की मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यात जुनी घरे, मांगर आणि गोठे उतरविण्याची घाई सुरू होते. पाऊस लागण्यापूर्वी नव्या घराचा स्लॅब पडावयाचा असतो. कौले उतरतात, रिपा निघतात, मग जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन खांब आणि तुळया नखाने खरवडून पाहतो. सागाला एक भाव, ऐन-किंजळीला दुसरा. वाळवीने खाल्लेली टोके, करवतीखाली उरलेले ठोकळे आणि भाव न आलेले सारे न्हाणीच्या चुलीत जाते. शे-दोनशे वर्षांचा एक पुरावा दोन दिवसांच्या आंघोळीच्या पाण्यापुरता उपयोगी पडतो.

पुरावा हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक वलय वाढते आणि ज्या वर्षी पाऊसपाणी चांगले त्या वर्षी ते रुंद, ज्या वर्षी ओढ त्या वर्षी अरुंद, एवढे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु वृक्षवलयांवरून काल ठरविण्याचे शास्त्र म्हणजे नुसती वलये मोजणे नव्हे. तोडलेल्या तुळईतील वलये मोजून झाड किती वर्षे जगले ते कळेल. ते कोणत्या साली तोडले ते कळणार नाही. त्यासाठी रुंद-अरुंद वलयांचा क्रम पाहावा लागतो. एका प्रदेशातील एकाच जातीच्या झाडांनी एकच पाऊस सोसलेला असतो, म्हणून त्यांच्या वलयांचा क्रमही पुष्कळसा एकसारखा असतो. आज उभ्या असलेल्या झाडाच्या आतील वलयांचा क्रम जुन्या तुळईच्या बाहेरच्या वलयांच्या क्रमाशी जुळला, तर त्या तुळईचे प्रत्येक वलय कोणत्या सालचे ते निश्चित होते. आणि त्या तुळईच्या आतील वलयांवरून आणखी जुन्या लाकडापर्यंत मागे जाता येते.

ही साखळी प्रथम जुळवली ती ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरील डागांचा पर्जन्यमानाशी संबंध आहे काय, हे शोधता शोधता तो झाडांकडे वळला. ॲरिझोना भागातील आदिवासींच्या प्राचीन वस्त्यांतील शेकडो तुळया त्याने तपासल्या. त्यांचा परस्परांशी क्रम लागला, पण जिवंत झाडांच्या क्रमाशी काही केल्या सांधा जुळेना. १९२९ साली शो लो या गावी एक अर्धवट जळालेली तुळई सापडली आणि तिने मधली फट भरून काढली. एका जळक्या ओंडक्याने त्या वस्त्यांना त्यांच्या सनावळ्या परत मिळवून दिल्या. न्हाणीच्या चुलीत जे जाते त्याचे मोल काय असू शकते, ते या उदाहरणावरून ताडता येईल.

शास्त्रज्ञांनी हा उद्योग करावा, त्यात शिक्षकाने, कारकुनाने किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने का पडावे, असा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर मांगरात आहे. कोकणातील मोठ्या घरांचा इतिहास कागदावर असतो. सनदा, वाटणीपत्रे, मोडीतील दप्तरे, निदान कुळाचारातील आठवणी तरी असतात. मांगराला यांपैकी काही नाही. बागेच्या किंवा मळ्याच्या कडेला उभे असलेले, अर्धे गुरांचे, अर्धे भाताच्या मुड्या, नांगर, जू आणि पेंढा ठेवण्याचे, क्वचित राखणीच्या गड्याच्या बिऱ्हाडाचे असे हे बांधकाम. महसुलाच्या दप्तरात जमिनीचा गुंठा न् गुंठा नोंदलेला आढळेल. त्या जमिनीवर कोणी, कधी, किती खर्चून छप्पर उभे केले याचा उल्लेख सहसा सापडणार नाही. शेतीतील भांडवलनिर्मिती हा विषय महाविद्यालयांतून दरवर्षी शिकविला जातो. विहीर, बांध, गोठा, कोठार ही तिची उदाहरणे फळ्यावर लिहिली जातात. परंतु कोकणातील शेतकऱ्याने गेल्या दोनशे वर्षांत हे भांडवल केव्हा घातले आणि केव्हा घातले नाही, हे सांगणारा आकडा कोठल्याही ग्रंथात मिळत नाही. तो आकडा असलाच तर लाकडात आहे.

युरोपात हे करून झाले आहे. तेथील जुनी घरे, चर्चची छपरे, धान्याची कोठारे यांच्या लाकडांवरून झाडे तोडल्याच्या सुमारे ४९,६०० तारखा एकत्र करून संशोधकांच्या एका गटाने २०१८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२५० ते १६९९ या साडेचार शतकांत बांधकाम कधी वाढले आणि कधी मंदावले, त्याचा आलेख त्यातून निघाला आणि प्लेगच्या साथींशी त्या आलेखातील घसरणीचे नाते स्पष्ट दिसले. जनगणना नव्हती, राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज नव्हते, तरी तुळयांनी अर्थव्यवस्थेची नाडी दाखविली. इंग्लंडात एसेक्स परगण्यातील क्रेसिंग टेंपल येथील बार्ली आणि गव्हाची प्रचंड लाकडी कोठारे तेराव्या शतकातील आहेत, हेही तेथील लाकडाच्या परीक्षणाने पक्के झाले. कोठार हे तेथे स्मारक मानले जाते. आपल्याकडे स्मारक म्हटले की किल्ला किंवा देऊळ. भात साठविण्याच्या जागेला तो मान मिळत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर विचारण्याजोगे प्रश्न थोडे नाहीत. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग त्यातून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी) खोती, खिचडी आणि धारेकरी अशा तीन तऱ्हेची गावे होती. धारेकऱ्याचा सारा ठरलेला आणि जमीन वंशपरंपरेची. खोती कुळाच्या डोक्यावर मात्र खोत आणि त्याचा मक्ता. झाडावर हक्क कोणाचा, हाही खोत आणि कूळ यांच्यातील जुना तंटा. अर्थशास्त्राचा साधा तर्क असा, की ज्याला आपण उद्या या जमिनीवर असू याची खात्री आहे तो टिकाऊ खांब रोवील, आणि ज्याला ती नाही तो बांबू आणि गवतावर भागवील. तर्क सोपा आहे, पण कोकणात तसे घडले काय? धारेकरी गावांतील मांगरांचे सागवान खोती गावांतल्यापेक्षा जुने निघते काय? खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदे मंडळात मांडले, खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला, आणि कूळकायद्यातील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्या तारखेनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कुळांच्या मांगरांना नव्या तुळया चढल्या काय? जमीनसुधारणांवर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत. त्यांचा परिणाम मोजण्याचे हे एक साधन गुरांच्या गोठ्यात उभे आहे, आणि ते कोणी वापरलेले नाही.

दुसरा प्रश्न मनिऑर्डरचा. मुंबईत १८५० च्या दशकात कापडाची पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ कोकणाने तिला आणि तिच्या भावंडांना माणसे पुरविली. चाकरमान्याने पाठविलेल्या पैशातून घरी चूल पेटली, हे सर्वमान्य आहे. त्या पैशातून शेतीत काही घातले गेले, की तो सारा खाण्यात, लग्नकार्यात आणि सावकाराच्या व्याजात गेला, यावर दुमत आहे. गवताचे छप्पर जाऊन कौले आली, तेव्हा बांबूचा सांगाडा पुरेना. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. त्या कौलांचा प्रसार किनाऱ्याने वर सरकत आला आणि कौलांखाली घडीव वासे व रिपा लागू लागल्या. दरवर्षीच्या शाकारणीचा खर्च वाचविण्यासाठी एकदाच मोठी रक्कम घालणे, हा शुद्ध गुंतवणुकीचा निर्णय आहे. तो निर्णय मालवणच्या मागच्या गावांत कोणत्या दशकात झाला, हे वाशांना विचारता येईल.

आता या शास्त्राच्या मर्यादांकडे वळले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात त्या लपविल्या तर उद्या हसे होईल. पहिली मर्यादा लाकडाच्या जातीची. साग उन्हाळ्याच्या तोंडाला पाने टाकतो, त्याची वाढ थांबते, आणि पुढच्या हंगामातील वाढीचा आरंभ मोठ्या छिद्रांच्या ओळीने होतो. त्यामुळे सागाचे वलय नुसत्या डोळ्यांना दिसते. उष्ण प्रदेशातील फार थोड्या वृक्षांत हा गुण आहे. आंबा आणि फणस सदाहरित. त्यांची वलये भरवशाची नाहीत. ऐन आणि किंजळ यांची सीमारेषा अंधूक. माड, पोफळ आणि भेरली माड यांना तर वलयेच नसतात, कारण त्यांची वाढ त्या रीतीने होतच नाही. परिणाम असा, की ज्याच्या घरात साग आहे त्याचा इतिहास वाचता येतो आणि ज्याने माडाचे वासे घालून दिवस काढले त्याचा वाचता येत नाही. कागदाने ज्याला वगळले त्याला लाकडानेही वगळावे, हा अन्याय तसा जुन्याच वळणाचा आहे.

दुसरी मर्यादा सुताराची. सालीलगतचे फिके लाकूड वाळवी प्रथम खाते, म्हणून चांगला सुतार ते तासून टाकतो. शेवटची वलये त्याबरोबर जातात आणि झाड अमुक सालानंतर केव्हातरी तोडले, एवढेच म्हणता येते. साल किंवा तिच्यालगतचा भाग एखाद्या कोपऱ्यात शिल्लक असेल, तर तोडीचे वर्षही हाती लागते. म्हणून खडबडीत, बेंगरूळ तुळई घडीव खांबापेक्षा अधिक बोलकी असते, आणि मांगरात तसल्या तुळयाच फार. तिसरी मर्यादा पुनर्वापराची. कोकणात लाकूड फुकट जात नाही. मोडलेल्या घराचा खांब गोठ्यात, गोठ्याचा मांगरात, आणि बंदरालगत फुटक्या गलबताची फळीही माळ्यावर चढलेली असू शकते. तेव्हा एका लाकडाच्या वयावरून इमारतीचे वय सांगणे म्हणजे आजोबांच्या कोटावरून नातवाचे वय सांगण्यासारखे होईल. एका बांधकामातील आठ-दहा लाकडे पाहावी लागतात आणि जुन्या खाचा, रिकामी भोके, न जुळणारे कुसू यांची नोंद ठेवावी लागते. शिवाय पन्नास-साठ वलयांपेक्षा कमी असलेले लाकूड बहुधा निरुपयोगी ठरते. कोवळ्या झाडांचे बारीक वासे त्यामुळे गळतात आणि भिस्त आढे, तुळया व खांब यांवर राहते.

चौथी अडचण पावसाचीच आहे. जेथे पाणी मुबलक तेथे झाड दरवर्षी सारखेच वाढते आणि वलयांचा क्रम सपाट होतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येकदा त्याहून अधिक पाऊस पडतो, मग येथे रुंद-अरुंदाचा भेद कसा उमटणार, अशी शंका रास्त आहे. पण जांभ्याच्या सड्यावर पडलेले पाणी तेथे राहत नाही. दिवाळीनंतर तो कातळ कोरडा ठणठणीत असतो. पाऊस वर्षाला किती पडला यापेक्षा तो किती दिवस पुरला, हे तेथील झाडाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. आणि शंकेचे समाधान तर्काने नव्हे, नमुने तपासूनच होणार.

तपासणारे लोक परदेशातच आहेत असे नाही. जावा बेटावरील सागाची १५१४ पासूनची वलयमाला बेर्लागे या डच शास्त्रज्ञाने १९३१ सालीच प्रसिद्ध केली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे भागातील सागाच्या वलयांचा आणि हवामानाचा संबंध १९८३ साली मांडला. पुढे बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली, आणि एल निनोच्या वर्षांतील अवर्षणे तीत उमटलेली दाखविली. लखनौची बिरबल साहनी संस्था हिमालयातील वृक्षांवर दीर्घकाळ काम करीत आहे. उत्तरेस ठाणे आणि दक्षिणेस केरळ. मालवण त्या दोहोंच्या मध्ये. एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे लाकूड, आणि दोहोंमध्ये एका एस.टी.च्या रात्रीचे अंतर. मात्र ही मंडळी हवामानाच्या शोधात जंगलातील झाडांकडे गेली. माणसाने तोडून घरात आणलेल्या झाडाकडे, म्हणजे इतिहासाकडे आणि अर्थकारणाकडे, या वाटेने अजून फारसे कोणी आलेले नाही. नेपाळमधील मुस्तांग भागातील जुन्या इमारतींचे लाकूड बुर्खार्ड श्मिट या जर्मन संशोधकाने अभ्यासले. तेथे जे पोहोचले ते येथे पोहोचू नये असे काही नाही.

मग किरणोत्सर्गी कार्बनची चाचणी का नको, असेही विचारले जाते. त्या पद्धतीचा दोष नेमका आपल्याला हव्या असलेल्या काळात आहे. साधारण १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत वातावरणातील त्या कार्बनचे प्रमाण असे काही खालीवर झाले, की शिवकालातील लाकूड आणि पेशवाई बुडाल्यानंतरचे लाकूड यांत एकट्या चाचणीला अनेकदा भेद करता येत नाही. वलयांची जोड मिळाली तरच ती पद्धत येथे कामाची. उलट माडाच्या नसल्या, तरी आंबा-फणसाच्या तुळईला पुढेमागे न्याय मिळण्याची आशा आहे. वलये न दिसणाऱ्या उष्णकटिबंधीय लाकडातही प्राणवायूच्या जड-हलक्या अणूंचे वार्षिक चढउतार ओळखता येतात, हे गेल्या दोन दशकांत दिसून आले आहे. आणि जेथे वलयांची रुंदी बोलत नाही तेथे याच अणूंच्या आधारे काल ठरविण्याची रीत वेल्समधील स्वान्झी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली मांडली. पश्चिम भारतातील सागावरील अशा प्रकारचा एक अभ्यास तर १९८९ सालीच झालेला आहे. आज जे लाकूड मुके वाटते ते वीस वर्षांनी बोलू लागेल. अट एवढीच, की तोवर ते जळून गेलेले नसावे.

आणि जळण्याचा वेग वाढतो आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी घरे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा छपरे उडाली, झाडे आडवी झाली, आणि नुकसानभरपाईचे पंचनामे होऊन मोडतोड हलविली गेली. त्या पंचनाम्यांत पडलेल्या झाडाची किंमत लिहिली जाते, वय लिहिले जात नाही. यात कोणाचा अपराध आहे असे नाही. वय लिहावयाचे असते हेच कोणाला ठाऊक नसते.

एका बाबतीत मात्र स्पष्ट बोलणे बरे. पर्यटन वाढल्यापासून या किनाऱ्यावरील प्रत्येक जुने घर ‘चारशे वर्षांपूर्वीचे’ होऊ लागले आहे. निवासाच्या पाटीवर शिवकाल लिहिला की खोलीचे भाडे चढते. त्या तुळईचे वय शंभर निघाले तर काय, या भीतीने घरमालक नमुना देण्यास कचरेल. दुसऱ्याला भीती अशी, की घर फार जुने ठरले तर सरकार त्याला हात लावू देणार नाही. दोन्ही भीती समजण्याजोग्या आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी गिरणीतील पगारातून एखाद्या कुळाने उभी केलेली तुळई ही खोट्या शिवकालापेक्षा कमी मोलाची का मानावी? सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले. त्याला आपले वय सिद्ध करण्यासाठी आजूबाजूच्या घरांच्या बढाईची गरज नाही.

लागणारा खर्च तसा किरकोळ आहे. उभ्या घराला पेन्सिलीएवढ्या छिद्रातून नमुना काढता येतो आणि ते छिद्र बुजविता येते, पण ते जाणकाराचे काम. उतरणाऱ्या घराचे तसे नाही. तेथे करवत चालू असतेच. सागाच्या प्रत्येक मोठ्या लाकडाच्या टोकाची दोन-तीन इंच जाडीची एक चकती, आणि शक्य तर ज्या बाजूस साल किंवा फिके लाकूड शिल्लक आहे त्या बाजूची, एवढेच मागावयाचे आहे. मालवण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी येथे महाविद्यालये आहेत, त्यांत वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविणारी माणसे आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत, आणि विद्यार्थी ज्या गावांतून येतात त्याच गावांत घरे उतरत आहेत. ग्रामपंचायतीकडे नव्या बांधकामाच्या परवानगीसाठी येणाऱ्या अर्जावर ‘जुने बांधकाम पाडणार काय’ असा एक रकाना वाढविला, तरी महाविद्यालयाला वेळेवर खबर लागेल. चकत्या जमल्यावर त्यांतील किती मापण्याजोग्या आहेत, हे पुण्याच्या तज्ज्ञांना विचारता येईल. शंभरांतील साठ बाद झाल्या तरी चाळीस उरतील, आणि चाळीस मांगरांविषयी आज जेवढे ठाऊक आहे त्याहून ते पुष्कळच असेल.

चकती नुसती उचलून आणली तर मात्र ती निव्वळ सरपण. तिच्यावर गाव, वाडी, घरमालकाने सांगितलेली हकीकत, लाकूड इमारतीत कोठे होते, आढे की तुळई की खांब, जमीन पूर्वी खोती होती की धारेकरी, आणि चकती काढल्याची तारीख, एवढे त्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. ते खडूने लिहू नये. पावसाळी हवेत खडू टिकत नाही. पेन्सिलीने लाकडावरच लिहावे आणि वहीत दुसरी नोंद ठेवावी. घरे उतरतात ती होळीपासून मिरगापर्यंत, आणि परीक्षा संपतात त्या एप्रिलमध्ये. विद्यार्थी त्या सुमारास गावीच असतात.